बिनदारूची बाटली

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

अक्षता,

वर ‘चिरंजीव’ लिहावं की नाही यात माझी पाच मिनिटं गेली. नाही लिहिलं. चार वर्षांनी पत्र लिहितेय, उगाच गोड कशाला बोलू.

तुझी बाटली पोचली. गुरुलिंगमामा काल बंगळूरहून आला तो स्टेशनवरून थेट आमच्याकडं. अप्पा पूजेला बसले होते म्हणून बरं. मामानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अक्षतानं दिलंय. मेक्सिकोला गेली होती, तिथनं आणलंय. व्हॅनिला हाय म्हणं. अप्पांच्या पंचाहत्तरीच्या केकात घाल म्हणाली.” टॉवेल मी लगेच ओळखला. आपला निळ्या काठाचा, अव्वानं तुझी पाठवणी करताना ट्रंकेत घातलेला. तो अजून वापरतेस का, की मला दाखवायला मुद्दाम काढलास?

फोन करता आला असता. पण त्या दिवशी अप्पांनी मला शपथ घातली होती, “तिच्याशी बोलायचं नाही.” मी तुझा नंबर ब्लॉक केला तो अजून तसाच आहे. बोलायचं नाही म्हणाले होते. लिहायचं नाही असं काही म्हणाले नव्हते. म्हणून कागद घेतलाय.

आता विचारते. मी कशी आहे तुला ठाऊक आहे. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते, पनीर आणलं की त्यावर आयोडीनचा थेंब टाकते, तूप तळहातावर चोळून हुंगते. तुझे दाजी म्हणतात, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. अठरा वर्षं पेठेत बिनअंड्याचे केक विकतेय ते याच जोरावर. एका गिऱ्हाइकाचं पोट दुखलेलं नाही आजवर.

तर सांग, ही अर्धा लिटर बाटली कशी काय? अगं, इथं नव्या पेठेत खऱ्या व्हॅनिलाची करंगळीएवढी बाटली मिळते आणि दुकानदार ती कपाटात कुलपात ठेवतो. आणि तू तेलाच्या बाटलीएवढी आणलीस! कितीला घेतलीस? कोणी विकली? लेबलावर फूल काढलंय, शेंग काढलीय, पण आत काय काय घातलंय ते कुठंच लिहिलेलं नाही. ज्यानं बनवली त्याचा पत्ता नाही. रंग बघितला तर काळाकुट्ट, हलवला तर काचेला चिकटत नाही. बूच उघडून बघितलं. वास चांगला आहे, खोटं का बोलू. पण आधी व्हॅनिला येतो आणि मागनं वाळलेल्या कडब्यासारखं काहीतरी येतं.

आणि खरं विचारायचं ते हे. आत दारू आहे का?

अप्पांचं तुला सांगायला नको. होमिओपॅथीचे थेंब त्यांनी मोरीत ओतले होते, आत स्पिरिट आहे म्हणून. खोकल्याचं औषध आणलं की तुला पुढ्यात बसवायचे. “वाच गं. आत दारू आहे का बघ.” इंग्रजी शाळेत जाणारी घरात तू एकटी. बारीक अक्षरात बोट फिरवत वाचायचीस आणि मग मान हलवायचीस. तू मान हलवल्याशिवाय चमचा भरला जायचा नाही. त्याच घरात तुझा तो फोटो आला, तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्टीतला, हातात उंच ग्लास, आणि शपथ त्याच दिवशीची. तो अप्पांपर्यंत कसा पोचला ते जाऊ दे, आता उगाळून काय.

पण मला संशय येतो बघ. चार वर्षं तुझं काही नाही आणि आता एकदम बाटली. पंचाहत्तरीला सगळ्या भावकीसमोर अप्पांना दारूचा केक खाऊ घालायचा, आणि मग म्हणायचं, बघा अप्पा, आता तुम्ही पण. असं काही मनात असलं तर आत्ताच सांग. वाईट वाटलं तर वाटू दे. दोन मार्चला केक करायचाय आणि तुझं उत्तर आल्याशिवाय मी या बाटलीतला थेंब वापरणार नाही.

अप्पा ठणठणीत आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही.

सिद्धेश्वरी
(‘अक्का’ लिहिणार होते. बघू.)


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अक्षता,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण मला राहवलं नाही.

काव्याला बाटली दाखवली. तू बघितलीस तेव्हा दोन वेण्या घालून फिरायची, आता होम सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला शिकवते. म्हणाली, “मम्मी, खरा व्हॅनिला दारूतच बनतो. शेंगा चिरून महिनोन्महिने स्पिरिटात बुडवून ठेवतात. चांगल्या बाटलीत शंभरात पस्तीस भाग तेच असतं.”

मी स्टुलावर बसलेच. म्हटलं, अगं बाई, मग मी इतकी वर्षं पेठेला काय खाऊ घालतेय? तर हसायला लागली. “तू घालतेस तो कारखान्यातला इसेन्स गं. त्याच्या जवळून शेंग गेलेली पण नाही.” म्हणजे दारू नाही, पण व्हॅनिला पण नाही! माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय, ‘प्युअर व्हेज, प्युअर व्हॅनिला’. सगळ्यांचं दूध-तूप हुंगणारी मी, आणि स्वतःच्या पाटीवर खोटं. काल त्या दुसऱ्या ओळीवर मी गणपतीचं कॅलेंडर टांगलं.

मग तुझी बाटली हातात घेऊन मी म्हटलं, आता ही मोरीतच. काव्या म्हणाली थांब. लेबलावर मोबाइल धरला, तो तिथली भाषा आपल्या भाषेत करून दाखवतो म्हणे. फुलाच्या खाली पिवळ्या अक्षरात लिहिलेलं निघालं, ‘सिन अल्कोहोल’. म्हणजे दारूशिवाय. मी तिला तीन वेळा बघायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

जीव भांड्यात पडला बघ माझा. तुझ्याबद्दल काय काय लिहून बसले होते. पण पत्र गेलं ते गेलं.

मग काल एक लहान केक करून बघितला. उत्तर आल्याशिवाय थेंब वापरणार नाही असं लिहिलं होतं, ते मोडलं, कबूल. दारू नाही म्हटल्यावर हात आवरला नाही. घरभर वास सुटला. अप्पा माजघरातून उठून आले. “आज वास लई झकास आलाय की. काय घातलंस?” मी म्हटलं, नवीन बाटली आणलीय. कुणाची ते सांगितलं नाही, विचारू नकोस. दोन तुकडे खाल्ले. बोटं चाटली. आणि तिसऱ्यांदा सुरी हातात घेऊन म्हणाले, “काठाचा तुकडा बाजूला काढून ठेव.” आणि सुरी ठेवून दिली. काठाचा करपलेला तुकडा या घरात कोण भांडून घ्यायचं ते तुला सांगायला नको. तो तसाच ताटलीत राहिला, संध्याकाळी मी खाल्ला.

पण एक गोष्ट मला सलतेय. काव्यापण म्हणाली, “मम्मी, दारूत नाही तर मग हे केलंय तरी कशात? आणि एवढी मोठी बाटली?” तिलाही माझी हवा लागलीय. तर तू नीट लिही. कुठलं दुकान, काय विचारलंस, तो काय म्हणाला. मला सगळं पाहिजे.

सिद्धेश्वरी


बुधवार, १२ फेब्रुवारी
दवाखान्यात, बाकावर बसून

अक्षता,

कागद काव्याच्या वहीतला आहे. अक्षर कसं का येईना.

आज सकाळी अप्पांनी चूळ भरली आणि बेसिन लाल झालं. हिरडीतून रक्त. थांबेना. कापसाचा बोळा धरला, तो भिजला, दुसरा धरला. रिक्षा बोलावून इथं आणलंय. आत रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचाय.

आता तुला सांगावंच लागणार. अप्पांचं दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं. एक झडप बदलली, धातूची बसवलीय. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी. ती चुकवायची नाही आणि जास्तही व्हायची नाही. जास्त पातळ झालं की असं कुठूनही वाहतं, आणि आत वाहिलं तर कळतही नाही. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलंय.

आणि रिक्षात बसल्या बसल्या काव्यानं मोबाइलवर काय वाचून दाखवलं माहितीये? तिकडं काही ठिकाणी स्वस्त व्हॅनिलात टोंका नावाच्या बियांचा अर्क घालतात. वास अगदी व्हॅनिलाचा, मागनं वाळक्या गवताचा. त्यात कुमारिन म्हणून काहीतरी असतं, आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यानं त्याच्या वाऱ्याला उभं राहू नये असं लिहिलंय. बाटली मोठी असली, स्वस्त असली, आत काय आहे ते लिहिलेलं नसलं आणि त्यात दारू नसली, तर घेऊ नका म्हणे. स्वस्ताचं तूच जाण, बाकी तिन्ही खुणा तुझ्या बाटलीवर आहेत. वाळका कडबा! मी पहिल्याच दिवशी हुंगला होता. माझ्या नाकानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही, कारण तू आणलंय म्हणून माझं मन पाघळलं.

चार वर्षं तू नव्हतीस तर अप्पा बरे होते. तुझी एक बाटली घरात आली आणि दहा दिवसांत ते रक्त थुंकतायत. तुझ्या पायानं कधी चांगलं आलंय का या घरात? फुकट मिळालं तर उचललं असशील, बापाला काय, चालतंय. त्यांना काही झालं तर मी तुला तोंड दाखवू देणार नाही.

खाली पोस्ट आहे. हे आत्ताच टाकते.

सिद्धेश्वरी


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अक्षता,

आधी महत्त्वाचं. अप्पा घरी आहेत. रिपोर्ट चांगला आला. रक्त जेवढं पातळ पाहिजे तेवढंच आहे, कमी नाही, जास्त नाही.

रक्त कशानं आलं ते लिहायची मला लाज वाटते. कडक भाकरीनं. मंगळवारी रात्रीच्या जेवणात मीच वाढली होती, शेंगाचटणी आणि दही घालून. पापडासारखी कडक भाकरी, तिचा तुकडा हिरडीत घुसला. गोळी चालू असली की एवढ्याशा जखमेचंही रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि चिमट्यानं ज्वारीचा कोंडा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, “हा घ्या तुमचा आरोपी.” काव्या हसली. मला रडू आलं.

पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, “आठवड्यात नवीन काय खाल्लं?” अप्पा समोरच खुर्चीत, तोंडात कापूस धरून. डॉक्टरांपुढं खोटं कसं बोलू. सांगितलं. मेक्सिकोचा व्हॅनिला, अक्षतानं पाठवला. चार वर्षांत तुझं नाव अप्पांसमोर पहिल्यांदा घेतलं, तेही अशा ठिकाणी.

डॉक्टर म्हणाले, दोन तुकड्यांतल्या चार थेंबांनी काही होत नाही. पण बाटलीत काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नाही, यांनी ती घ्यायची नाही, एवढं पुरेसं आहे. टाकून द्या. आत खरंच ते कुमारिन आहे की नाही ते कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही.

घरी आल्यावर अप्पांनी कापूस काढला आणि पहिलं वाक्य काय, “कडक भाकरी बंद करू नको. कुस्करून दे.” दुसरं वाक्य, “बाटली कुठाय?” आणून दिली. चष्मा नव्हता, तरी लेबलावरून अंगठा फिरवत बसले. काव्याला म्हणाले, “मेक्सिको म्हंजे कुठं हाय?” तिनं मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. “लई लांब हाय की,” म्हणाले. बाटली मी अजून टाकलेली नाही, त्यांच्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. बूच मेण लावून बंद केलंय.

आणि आता ते पत्र.

रिपोर्ट हातात पडला तशी मी पोस्टात पळाले. म्हटलं, सकाळचं माझं स्पीडपोस्ट परत द्या. खिडकीतली बाई म्हणाली, पिशवी गेली, काय झालं, पत्ता चुकला का? मी म्हटलं, पत्ता बरोबर आहे, मजकूर चुकलाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी उन्हाची छत्री तिथंच विसरून आले.

संध्याकाळी तुझा नंबर उघडला. शपथ गेली खड्ड्यात म्हटलं. रिंग पूर्ण वाजली, तू उचलला नाहीस. मी दुसऱ्यांदा लावला नाही. तू उचलला असतास तरी मला बोलता आलं नसतं, हे आता लिहिताना कळतंय.

हे पत्र त्याच्या मागोमाग येईल. जमलं तर ते आधी उघडू नकोस. उघडलं असशील तर त्यातली ती पायाची ओळ मी रागात लिहिली होती, माझ्या मनात तसं नाही.

सिद्धेश्वरी


गुरुवार, २० फेब्रुवारी

अक्षता,

तुझी दोन्ही पाकिटं आली. एक सोमवारी, जाड. एक काल, त्यात दोनच ओळी.

जाड पाकीट तू माझ्या पहिल्या दोन पत्रांना उत्तर म्हणून लिहिलंय, तिसरं तुझ्या हातात पडायच्या आधी. पोस्टमनकडून अप्पांनीच घेतलं. अक्षर बघितलं असणार. माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, “वाच.” मी म्हटलं, मनात वाचू? “मोठ्यानं वाच. मला ऐकू येतंय अजून.”

मग वाचलं. तू लिहिलंयस तेच परत तुला लिहिते, कारण मी कुठं थांबले आणि अप्पा काय म्हणाले ते तुला कळायला पाहिजे.

‘अक्का, समुद्रकाठच्या त्या गावात बाजारात ओळीनं व्हॅनिलाची दुकानं होती. पहिल्या दुकानातल्या बाईनं बोटाएवढी बाटली दाखवली. तळाला शेंगेचा तुकडा, सगळं नीट लिहिलेलं, बनवणाऱ्याचं नाव, गाव. महाग होती पण मी पर्स उघडली होती. मग सवयीनं बारीक अक्षरं वाचली. अल्कोहोल पस्तीस टक्के. ठेवून दिली. दुसऱ्या दुकानात पस्तीस. तिसऱ्यातला म्हातारा म्हणाला, दारूशिवाय खरी मिळतच नाही. मी मोबाइलवर त्याला लिहून दाखवलं, आमच्या अप्पांना चालत नाही. तो हसला. चौथं, पाचवं. हे म्हणाले, चल, बस चुकेल, एवढ्याशानं काय होतंय. मी म्हटलं, तुम्हाला आमचं घर माहीत नाही. सहावं दुकान बसथांब्याला लागून होतं. दाराशीच मोठ्या बाटल्या मांडलेल्या, त्यावर सिन अल्कोहोल. मला एवढा आनंद झाला अक्का, की बाकी काय आहे ते बघायचं सुचलंच नाही. मला बाटलीवर एवढंच वाचता येतं गं. आत दारू आहे की नाही.’

इथं मी थांबले. अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, “कितवं दुकान?”

“सहावं.”

“परत वाच.”

परत वाचलं. तर म्हणाले, “येडी हाय. पहिल्या दुकानातलीच घ्यायची की. चांगली व्हती ती.” मग आपणहूनच म्हणाले, “आणली असती तर मी मोरीत वतली असती. ते तिला ठाऊक. म्हणून हिंडली बिचारी.” आणि उपरण्यानं नाक पुसलं.

अक्षता, चांगल्या पाच बाटल्या तुझ्या हातात आल्या होत्या. आमच्यामुळं तू त्या खाली ठेवल्यास. ज्याला हे घर ठाऊक नाही त्यानं पहिल्याच दुकानात खरी वस्तू घेतली असती आणि सुखानं बस पकडली असती. आणि मी काय लिहिलं होतं, फुकट मिळालं तर उचललं असशील.

आता कालचं पाकीट. ‘अक्का, बाटली मोरीत ओत. ऑपरेशन झालं ते मला का नाही कळवलंस?’ वर काही नाही, खाली काही नाही. माझ्या त्या पायाच्या ओळीबद्दलही काही नाही.

बाटली काल ओतली. अप्पांच्या देखत.

आता ऑपरेशनच्या प्रश्नाचं उत्तर देते. अप्पा परवाच म्हणाले, आता बोललं तरी चालतंय. पण हे मला बोलून जमणार नाही, म्हणून लिहितेच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गुरुलिंगमामा म्हणाला होता, अक्षताला कळवतो. मीच नको म्हटलं. त्याला सांगितलं, अप्पांची इच्छा नाही. अप्पांना मी विचारलंच नव्हतं. मला भीती होती की तू येशील. एक दिवस येशील, उशाशी बसून रडशील, आणि अप्पा विरघळतील. एकवीस दिवस त्यांचं सगळं मी काढलं, अंग पुसलं, भात भरवला, आणि शेवटी डोळे उघडून त्यांनी तुझं नाव घेतलं असतं तर मला ते सोसलं नसतं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. हेच आहे.

आणि फोटो. चार वर्षं मी ‘कुणीतरी’ दाखवला म्हणत आलेय. मी दाखवला. तू फेसबुकवर टाकला होतास, मी चष्मा लावून बघितला, दोन बोटांनी ग्लास मोठा केला आणि अप्पांच्या नाकासमोर धरला. “बघा तुमची वाचणारी पोर.” असंच म्हणाले होते. अप्पांना आठवत असेल. ते मला एकदाही बोलले नाहीत.

कसली मी संशयी! दूधवाल्याला विचारते, पनीरवाल्याला विचारते, तुपाचा डबा उघडायला लावते. आणि त्या ग्लासात काय होतं ते तुला एका शब्दानं विचारलं नाही. अप्पांनी नाही, मी नाही. तेव्हा विचारलं नाही ते आता विचारणार नाही. तू सांगूही नकोस. सरबत असलं तरी तू आमची आणि दुसरं काही असलं तरी आमची. हे मी अप्पांपुढं बोलले. ते हो म्हणाले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

आता केकाचं. काव्या म्हणते, दारू नको तर अर्काच्या नादाला लागायचंच नाही, सरळ शेंगा आणायच्या. मधोमध चिरायच्या, आतल्या काळ्या बिया चाकूच्या पाठीनं खरवडायच्या आणि कोमट दुधात टाकून झाकून ठेवायचं. थेंबभर दारू लागत नाही. शेंग कशी बघायची तेही तिनं मला शिकवलं, लांब, जाड, तेलकट, बोटाला गुंडाळली तर वळली पाहिजे. मोडली तर जुनी. तुमच्या कर्नाटकात पिकतात म्हणे मलनाडाकडं, बंगळुरात मिळत असतील. तुझ्या साहेबांची बस चुकली तरी चालेल, निवांत बघून घे.

दोन मार्चला रविवार आहे. भावकी दुपारी येईल. तू आदल्या दिवशी ये, दूध रात्रभर मुरायला पाहिजे. अप्पांना विचारलं, तिला काय लिहू? मग अव्वा तुला कन्नडमधून घरात बोलवायची तसं म्हणाले. मी जसंच्या तसं लिहिते. “लिही, बारव्वा.”

काठाचा तुकडा तुझा. शेंगा तू आणशील तशा, मी न तपासता दुधात घालीन.

तुझी,
अक्का

ता. क. हुंगीन मात्र. नुसती वासासाठी.